वाचकांचे प्रश्न: १ मेचा कामगार उत्सव कसा करायचा?

प्रश्न: आमचं गणेश मंडळ बिबवेवाडीत, मार्केट यार्डाच्या जवळ आहे. यंदा १ मेला सकाळी झेंडावंदन आणि संध्याकाळी कामगार उत्सव करायचं चाललंय. पण पोरांना विचारलं तर १ मे म्हणजे फक्त महाराष्ट्र दिन, आणि मोठी माणसं म्हणतात कामगार म्हटलं की राजकारण आलंच. शिकागोची गोष्ट सगळेच सांगतात, आम्ही आपल्याकडचं काय दाखवायचं? नुसता शाल-श्रीफळाचा कार्यक्रम नको वाटतो.
(एक कार्यकर्ती, बिबवेवाडी)

उत्तर: ताई, शाल-श्रीफळाचं बोललात ते फार बरं केलंत, तिथूनच सुरू करू. ज्यांचा उत्सव आहे त्यांना त्या दिवशी यायला तरी मिळालं पाहिजे ना. म्हणून मंडप आणि साउंडवाल्याचं बघायच्या आधी आसपासच्या सोसायट्यांशी बोला, की १ मेला घरकाम करणाऱ्या मावश्या, वॉचमन, झाडलोट करणारे, सगळ्यांना भरपगारी सुट्टी द्या. एवढं झालं तर अर्धा उत्सव तिथेच झाला असं मी म्हणेन.

शिकागो सांगाच, पण थोडक्यात. १ मे १८८६ ला आठ तासांच्या दिवसासाठी अमेरिकेत मोठा संप झाला, ४ मेला शिकागोच्या हेमार्केट चौकात सभेच्या शेवटी बॉम्ब पडला, तो कुणी टाकला हे कधीच सिद्ध झालं नाही तरी ११ नोव्हेंबर १८८७ ला चार कामगार नेत्यांना फाशी दिली. १८८९ ला पॅरिसला समाजवाद्यांच्या परिषदेत १ मे हा कामगारांचा दिवस ठरला. आपल्या देशात पहिल्यांदा हा दिवस १९२३ मध्ये मद्रासला सिंगारवेलू चेट्टियार यांनी साजरा केला.

पण खरा वेळ द्या मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी लढलेल्या नारायण मेघाजी लोखंडेंना, कारण ती गोष्ट आपल्या पुण्याशी जोडलेली आहे आणि तरी आपल्याच पोरांना ती माहीत नसते याचं मला मनापासून वाईट वाटतं. २४ सप्टेंबर १८७३ ला जोतीराव फुल्यांनी पुण्यात सत्यशोधक समाज काढला, लोखंडे त्याच चळवळीतले. १८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधु' हे पत्र सुरू केलं आणि पुढे ते बंद पडल्यावर १८८० पासून लोखंडेंनी ते मुंबईतून चालवलं. तेव्हा गिरणीत दिवस उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम आणि आठवड्याची सुट्टी नाही. १८८४ मध्ये त्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या काय, तर रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार. ह्या मागण्या मोठ्या अक्षरात लिहून लावा आणि खाली आजच्या कामगारांना विचारा की यातलं तुम्हाला काय मिळतं, कोऱ्या कागदावर त्यांनाच लिहू द्या, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं कॉलेजच्या पोरांनी लिहून घ्यावं. एप्रिल १८९० मध्ये महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन कामगार बायका त्या सभेत बोलल्या, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९७ च्या प्लेगमध्ये लोकांची सेवा करता करता लोखंडे स्वतः गेले. पोरांना नाटुकलं बसवायचं असेल तर यापेक्षा चांगला विषय नाही, आणि त्या दोन बायकांचं काम मुलींना द्या.

आता तुमच्या दारातलं. मार्केट यार्ड शेजारी असताना हमालांना सोडून उत्सव होऊच शकत नाही. पुण्यात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली, शंभर किलोचं पोतं पाठीवर घेणाऱ्या माणसाला पन्नास किलोचं पोतं मिळावं म्हणून किती वर्षं भांडावं लागलं, हे हमालांच्याच तोंडून ऐकवा. १९६९ चा माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या कामगारांचा कायदाही समजावून सांगा, त्याची रचना साधी पण हुशार आहे: हमाल आणि व्यापारी दोघांची माथाडी मंडळात नोंद, व्यापारी मजुरी त्या मंडळात भरतो आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम भरतो, त्या लेव्हीतून फंड, ग्रॅच्युइटी, रजेचा पगार निघतो. रोज मालक बदलणाऱ्या माणसाला नोकरदारासारखी सोय यातून मिळाली. आणि जेवण ठेवणार असाल तर हमाल पंचायतीची 'कष्टाची भाकर' १९७४ पासून चालू आहे, झुणका-भाकरीची ऑर्डर तिथेच द्या ना.

कचरावेचक बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ ची, पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था झाली. रोज सकाळी दारात येणारी ताई त्या संस्थेची मालकीण-सभासद आहे हे कितीतरी घरांना ठाऊक नसतं. १९८० मध्ये पुण्यातल्या मोलकरणींनी संप केला होता, तेव्हाच्या कुणी मावशी आसपास असतील तर त्यांना शोधाच.

राजकारणाचं म्हणाल तर घाबरू नका. मजुरी किती, सुट्टी किती हे कायद्याने ठरतं आणि कायदा राजकारणातूनच येतो. फक्त माइक पुढाऱ्यांकडे जाऊ देऊ नका, नगरसेवक आले तर समोर बसून ऐकू देत. सगळ्या रंगांच्या युनियनना बोलवा.

मे महिन्याचं ऊन आहे तेव्हा सहाच्या आत सुरू करू नका, दहाला स्पीकर बंद करायचाच आहे हे धरून वेळ आखा, रस्त्यावर मंडप असेल तर महापालिका आणि पोलीस चौकी दोन्हीकडे आधीच जा. ई-श्रम या केंद्र सरकारच्या कामगार नोंदणीचा एक टेबल जरूर ठेवा, १६ ते ५९ वयाच्या असंघटित कामगारांसाठी आहे, आधार, बँक पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल आणायला सांगा.

प्रश्न: वडील पिंपरीच्या कंपनीत युनियनचे पदाधिकारी होते. पेटीभर पत्रकं, करारांच्या प्रती, गेट मीटिंगचे फोटो आहेत. घर लहान, रद्दीत घालवत नाही. काय करू?
(एक वाचक, चिंचवड)

उत्तर: रद्दीत अजिबात नका घालू! पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ ची, एमआयडीसी १९६२ ची, त्यानंतर इथे जे शहर उभं राहिलं त्याचा कामगारांच्या बाजूचा इतिहास अशाच पेट्यांमध्ये आहे. लॅमिनेशन करू नका, स्टेपलच्या गंजलेल्या पिना काढा, मोबाइलवर उजेडात एकेक पानाचा फोटो घ्या. फोटोंच्या मागे शिसपेन्सिलीने हलक्या हाताने नावं आणि साल लिहा, आणि वडील हयात असतील तर हे त्यांच्यासमोर बसून आजच करा. ते बोलतात ते रेकॉर्ड करा, त्यांना विचारूनच. मूळ कागद एखाद्या ग्रंथालयाला देणार असाल तर लेखी पावती घ्या.

प्रश्न: मी एका दुकानात सेल्सगर्ल आहे, १४ जण आहोत. १ मेला आम्हाला कामावर बोलवतात, सुट्टी हक्काची आहे का?
(एक वाचक, हडपसर)

उत्तर: २०२५ पर्यंत हक्काची होती, पण आता १४ जणांच्या दुकानाला ती कायद्याने मिळत नाही. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आधी दहा किंवा जास्त कामगार असलेल्या दुकानांना लागू होता, २०२५ च्या दुरुस्तीनंतर वीस किंवा जास्त कामगार असतील तरच लागू होतो. त्यात वर्षाला आठ पगारी सुट्ट्या आहेत आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर ह्या चार ठरलेल्याच आहेत. त्या दिवशी कामाला बोलावलं तर दुप्पट पगार आणि बदली सुट्टी हा त्यातला नियम आहे, तोच दाखवून मालकाकडे मागा. एकटीने मागू नका, चौदा जणांनी मिळून एका अर्जावर सह्या करा, एक प्रत पोच घेऊन स्वतःकडे ठेवा, आणि ऐकलं नाही तर तीच प्रत घेऊन कामगार आयुक्त कार्यालयात काय करता येईल ते विचारा.