विंड टनेलमधे ग्रिड (हवा ढवळणारी जाळी) लावल्यावर चौकोनी मॉडेलचा ड्रॅग (हवेचा मागे ओढणारा जोर) कमी आला. टर्ब्युलन्स (हवेतली खळबळ) वाढला तर ड्रॅग वाढायला हवा ना? माझं कुठे चुकलं?

बहुतेक काहीच चुकलेलं नाहीये, रीडिंग टाकून देऊ नका. एमटेकला मी चौकोनी प्रिझमवरच काम केलंय त्यामुळे हे अगदी जवळून बघितलंय.

आधी हे डोक्यात पक्कं करा की अशा बोथट वस्तूवर ड्रॅगचा मोठा वाटा पाठीमागच्या सक्शनचा असतो, त्यामुळे पाठीवरचं प्रेशर कशानं बदललं तेवढंच शोधायचं. हवा पुढच्या दोन कोपऱ्यांवर सुटते, तिथून शिअर लेअर (वेगवान आणि मंद हवेमधला पातळ थर) निघतो, शांत हवेत तो बाजूच्या भिंतीपासून लांबच राहतो आणि मॉडेलच्या अगदी पाठीला लागून भोवरा वळतो, म्हणून सक्शन जोरात आणि सीडी (ड्रॅगचा गुणांक) दोनच्या वर. ग्रिड लावला की हाच लेअर लवकर जाड होतो, आजूबाजूची हवा जास्त ओढतो आणि आत वळून भिंतीकडे येतो, मागच्या कोपऱ्याला मधूनमधून टेकतोसुद्धा. मग वेक (मॉडेलच्या मागचा ढवळलेला पट्टा) अरुंद होतो, भोवरे थोडे मागे सरकून तयार होतात आणि पाठीवरचं सक्शन उतरतं. आम्ही बाजूच्या भिंतीवर लोकरीचे दोरे चिकटवले होते, मागच्या कोपऱ्याजवळचा दोरा ग्रिड नसताना बराच वेळ उलटा, पुढच्या बाजूला वळलेला असायचा आणि ग्रिड लावला की मधेच सरळ होऊन भिंतीला चिकटायचा, ते बघितलं तेव्हा मला हे खरं समजलं. भोवऱ्यांमुळे आडवा जो हेलकावणारा लिफ्ट (बाजूचा जोर) येतो तोही कमी होतो, विकरी या संशोधकानं 1966 मधे चौकोनी प्रिझमवर हे मोजून दाखवलंय.

आता त्याच ग्रिडमागे पातळ प्लेट वाऱ्याला आडवी धरा, ड्रॅग वाढेल! कारण तिला बाजूची भिंतच नाही, लेअर टेकणार कुठे, तो फक्त वेकमधली हवा जास्त खेचून नेतो आणि मागचं प्रेशर अजून पडतं. म्हणून "टर्ब्युलन्सनं ड्रॅग वाढतो का कमी होतो" याला एक उत्तर नाही, वस्तू वाऱ्याच्या दिशेनं किती लांब आहे ते आधी विचारावं लागतं.

गोल सिलेंडरची गोष्ट वेगळी. तिथे हवा कुठे सुटणार हे कोपरा ठरवत नाही, बाउंड्री लेअर (पृष्ठभागाला लागून असलेला हवेचा पातळ थर) ठरवतो. शांत हवेत रेनॉल्ड्स नंबर (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांवरून येणारा आकडा) दोन-तीन लाखांच्या आसपास गेला की सीडी 1.2 वरून 0.3 च्या घरात पडतो, टर्ब्युलन्स असेल तर ही पडझड बरीच आधी होते. गोळ्याचंही असंच, 1912 च्या सुमारास त्याच्या ड्रॅगवरून पॅरिसला आयफेलचे (टॉवरवाले इंजिनिअर) आणि जर्मनीतल्या गॉटिंगेनच्या टनेलचे आकडे जुळत नव्हते, दुपटीहून जास्त फरक. मग 1914 मधे गॉटिंगेनच्याच प्रांटलनी गोळ्यावर बारीक तारेचं कडं बसवून बाउंड्री लेअर मुद्दाम टर्ब्युलंट केला आणि ड्रॅग खाली आणून दाखवला. पुढे तर टनेलची हवा किती शांत आहे हे तपासायलाच गोळा वापरायला लागले.

तरी दोन गोष्टी तपासाच. पिटो ट्यूब (हवेचा वेग मोजायची नळी) ग्रिडच्या आधी, वारा येतो त्या बाजूला राहिली असेल तर तुमचा सीडी चुकीचा आहे, ग्रिडमधे प्रेशर पडतं त्यामुळे वेग आणि स्टॅटिक प्रेशर मॉडेलच्या जागेवर, मॉडेल काढून मोजायचं (आमचं पहिल्या आठवड्याचं सगळं काम यातच वाया गेलं). दुसरं म्हणजे ग्रिडचा टर्ब्युलन्स मागे जाईल तसा विरत जातो, मॉडेल अर्धा मीटर सरकवलं तरी इंटेन्सिटी (टर्ब्युलन्सची टक्केवारी) बदलते, तीही त्याच जागेवर हॉट वायरनं (वेगातले झटपट बदल मोजणाऱ्या तापलेल्या बारीक तारेनं) घ्या. आणि नुसती टक्केवारी लिहू नका, लेंग्थ स्केलही (भोवऱ्यांचा साधारण आकार) लिहा, कारण बारीक भोवरे शिअर लेअर जाड करतात, मॉडेलएवढे मोठे भोवरे थेट शेडिंगमधेच (मॉडेलमागून आळीपाळीने भोवरे सुटण्यात) ढवळाढवळ करतात आणि त्याहून खूप मोठे असले तर मॉडेलला ते फक्त वारा कमीजास्त झाल्यासारखे लागतात.

मॉडेलची रुंदी, ग्रिडच्या जाळीचं माप आणि दोघांमधलं अंतर कमेंटमधे टाका, मग तुमचा ड्रॅग जेवढा उतरलाय तेवढा उतरायला हवा होता का ते बघता येईल.