पॅकेज राहू द्या, आधी प्रपोजल फॉर्म काढा

कोल्हापूरच्या कसबा बावड्यातून एका वाचकांचं पत्र आलं आहे. शिवाजी उद्यमनगरात त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, खर्च जाता महिन्याला सत्तर हजारांच्या आसपास सुटतात. मुलगी तेरा वर्षांची, अनुदानित शाळेत. मुलगा आठ वर्षांचा. एका लॅबचा प्रतिनिधी घरी येऊन मुलांच्या 'फुल बॉडी' तपासणीचं कार्ड दाखवून गेला. वर्षातून एकदा ७२ चाचण्या, दोन मुलांचे तीन वर्षांचे मिळून ३६,००० रुपये, आणि वर टॅक्स वाचतो. घ्यावं का, हा त्यांचा प्रश्न.

पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिलं आहे: 'मुलाला तीन वर्षांपासून दम्याचा पंप आहे. दोन वर्षांपूर्वी पाच लाखांचा फॅमिली फ्लोटर (चौघांचा मिळून एक आरोग्य विमा) घेताना एजंट म्हणाले, फॉर्मवर लिहू नका, प्रपोजल (विम्याचा अर्ज) परत येईल, वय वाढलं की दमा जातोच. आता तपासणीच्या रिपोर्टमध्ये आलं तर कंपनीला कळेल का?'

कार्डाचं आधी उरकतो. घेऊ नका. वर्षाचे १२,००० होतात. त्याऐवजी दोन्ही मुलांना वर्षातून एकदा बालरोगतज्ज्ञांकडे न्या. उंची, वजन, रक्तदाब, लसींचं कार्ड, आणि मुलगी वयात येते आहे म्हणून तिच्याशी चार शब्द निवांत बोलणं. मुलांच्या तपासणीचा गाभा एवढाच आहे, आणि यातलं काहीही रक्ताच्या नळीतून कळत नाही. डोळे आणि दात वेगळे दाखवा. मुलीचं हिमोग्लोबिन करून घ्या. सगळं धरून दोघांचे तीन हजार, फार तर साडेतीन. धडधाकट मुलाच्या ७२ चाचण्या केल्या की एखादा आकडा इकडेतिकडे निघतोच, आणि मग तो पुन्हा तपासण्यात पैसे आणि झोप दोन्ही जातात.

टॅक्सचं तर बोलूच नका. ८०डीची, म्हणजे आरोग्य विम्याच्या प्रीमियमची आणि तपासणीची, वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. तुमचं वर्षाचं उत्पन्न साडेआठ लाखांच्या आत आहे. नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत करच लागत नाही, मग वाचणार काय? जुन्या प्रणालीत राहिलात तरी तपासणीचे ५,००० हे २५,००० च्या मर्यादेतलेच, आणि त्यातले २१,००० तुमच्या प्रीमियमने आधीच खाल्लेत. उरले ४,०००. वीस टक्क्यांनी आठशे रुपये. आठशेसाठी छत्तीस हजार आगाऊ द्यायला सांगणाऱ्या माणसाला पुन्हा दारात उभं करू नका.

उरलेल्या पैशातून मुलीच्या एचपीव्ही लसीचं बघा, ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवते. पंधराव्या वाढदिवसाआधी सुरू केली तर सहा महिन्यांच्या अंतराने दोन डोस पुरतात, त्यानंतर तीन लागतात. भारतीय लसीचा डोस दोन हजारांच्या आसपास पडतो. सरकारी केंद्रात मोफत मिळते का, ते आधी विचारा.

आणखी एक. तुम्ही लिहिता, 'शाळेत सरकारी तपासणी होते, पण ती वरवरची, त्यांची चिठ्ठी आम्ही बघत नाही.' ती चिठ्ठी आजच दप्तरातून काढा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्यांचं पथक सरकारी आणि अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतं, अंगणवाडीत दोनदा. पथकातले डॉक्टर डोळ्याची खालची पापणी ओढून फिकटपणा बघतात, आणि शंका आली की मूल पुढे पाठवायला लिहून देतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के रक्तक्षयी निघाल्या. तुमची मुलगी त्या वयाच्या उंबरठ्यावर आहे. चिठ्ठीवर सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) दाखवा असं लिहिलं असेल तर दाखवा.

आता दम्याचं. खरं पत्र तेच आहे.

लॅब रिपोर्ट आपणहून विमा कंपनीला पाठवत नाही, आणि दम्याचं निदान रक्ताच्या पॅकेजवर होतही नाही. पण कळायला रिपोर्ट लागतच नाही. तुम्हीच लिहिलंय, गळीत हंगामात शेतात पाचट पेटलं की पंप वाढवावा लागतो. अशाच एखाद्या रात्री मुलाला दवाखान्यात न्यावं लागलं, तर ड्युटीवरचे डॉक्टर त्याच्या आईला पहिला प्रश्न विचारतील: हे किती दिवसांपासून? आई सांगेल, पाचव्या वर्षापासून पंप आहे. ते केसपेपरच्या पहिल्या ओळीत उतरेल, कॅशलेसच्या, म्हणजे बिल थेट कंपनीने भरावं यासाठीच्या, अर्जातही जाईल. आणि तिने ते सांगितलंच पाहिजे. विमा बुडेल या भीतीने आई डॉक्टरांसमोर गप्प बसली, तर औषधाचा निर्णय चुकू शकतो. एजंटांच्या त्या एका सल्ल्याने तुमच्या घरावर ही वेळ आणून ठेवली आहे, आणि मला राग आहे तो याचा.

मग कंपनी प्रपोजल फॉर्म काढते. 'श्वसनाचा आजार?' यापुढे 'नाही', खाली तुमची सही. दावा फेटाळला जाईल, पॉलिसीही रद्द होऊ शकते, आणि ती चौघांची आहे. पुढे कुठेही विमा घ्यायला गेलात तर 'पूर्वी कोणत्या कंपनीने नाकारला किंवा रद्द केला का' हा रकाना तुमची वाट बघत असेल. दोन वर्षांचे ४२,००० भरलेत, आणखी तीन वर्षांचे ६३,००० भराल. लाखभर रुपये घालून जो दावा सगळ्यात आधी येण्याची शक्यता, तोच उभा राहणार नाही.

'पाच वर्षं काढा, मग कंपनी काही करू शकत नाही' असंही एजंट म्हणतील. सलग साठ महिन्यांनंतर माहिती दिली नाही म्हणून दावा नाकारता येत नाही हे खरं. २०२४ पर्यंत ही मुदत आठ वर्षं होती. पण फसवणूक सिद्ध झाली तर ते संरक्षण नाही, आणि तुम्ही तर जाणूनबुजून लपवलंय. शिवाय मधले तीन गळीत हंगाम मुलाने कसे काढायचे?

खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं? कदाचित प्रीमियम थोडा वाढला असता, आणि दम्याचा खर्च विम्यातून मिळायला जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागलं असतं. त्यातली दोन आज संपली असती. डेंगी, अपेंडिक्स, हात मोडणं, हे सगळं चौघांसाठी बिनघोर चालू राहिलं असतं.

म्हणून याच आठवड्यात पॉलिसीच्या कागदांत प्रपोजलची प्रत शोधा आणि काय भरलंय ते स्वतः वाचा. मग कंपनीला थेट ई-मेल करा: मुलाला दमा आहे, कधीपासून, कोणती औषधं. डॉक्टरांचं पहिलं आणि शेवटचं प्रिस्क्रिप्शन जोडा, पोच जपून ठेवा. एजंटांच्या तोंडी निरोपावर काही सोडू नका. कंपनी प्रतीक्षाकाळ लावेल, जादा प्रीमियम मागेल, किंवा वाईटात वाईट म्हणजे पॉलिसी रद्द करेल. हा शेवटचा धोका खरा आहे, तो मी लपवत नाही. पण तो आज घरी बसून पेलता येतो, ॲडमिशनच्या रात्री नाही.

दम्याच्या ॲडमिशनसाठी एक लाख वेगळे ठेवा. कार्डाच्या ३६,००० मधून तपासणी आणि लस जाता उरेल ते तिथेच टाका आणि महिन्याला पाच हजार घाला. दीड वर्षाच्या आत लाख होतील.

नूतनीकरण दहा आठवड्यांवर आहे असं तुम्ही लिहिता. दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचं तर अर्ज किमान ४५ दिवस आधी जावा लागतो, म्हणजे हातात जेमतेम साडेतीन आठवडे आहेत. त्या अर्जातही दमा पहिल्यांदा लिहा. आणि नवी पॉलिसी हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता चुकवू नका.