एकाच कुटुंबाच्या मळ्यातली वाइन दर तुकड्याला वेगळी का लागते?

तुमचा प्रश्न असा आहे, की मळा एकाच कुटुंबाचा, द्राक्षाची जात एक, तोडणीचं साल एक, वाइन करणारे हातही तेच; मग बाटल्यांवर वेगवेगळ्या तुकड्यांची नावं कशाला? ‘टेर्वार’ म्हणतात ते, म्हणजे जमीन, उतार आणि हवामान यांचा ठसा, खरंच चवीत उतरतं, की बाटली खपवण्यासाठी रचलेली गोष्ट आहे?

उतरतं. मी स्वतः चाखून पाहिलंय, म्हणून इतक्या ठामपणे सांगते. मात्र बाटलीच्या पाठीमागे ते ज्या तऱ्हेनं सांगितलेलं असतं त्यात मोठी गल्लत असते, आणि त्या गल्लतीमुळेच विचार करणाऱ्या माणसाला शंका येते.

मी जर्मनीत मोझेल नदीच्या काठी एका कुटुंबाच्या मळ्यात दोन हंगाम तोडणीला होते. जात रीसलिंग. डोंगर इतका उभा, की चढताना दर वेलीजवळ रोवलेल्या खांबाला धरूनच वर जायचं. पहिल्याच संध्याकाळी घरातल्या आजोबांनी मला खाली बसवलं आणि माझा तळहात जमिनीवर टेकवला. पूर्वी शाळेतली पाटी ज्या दगडाची असायची, त्याच काळ्या-निळ्या दगडाच्या चिपा सगळ्या उतारावर पसरल्या होत्या. ऊन जाऊन दीड तास झाला होता, अंगावर स्वेटर चढला होता; दगड मात्र माणूस नुकताच उठून गेलेल्या गादीसारखा उबदार होता. आजोबा एवढंच म्हणाले, “वेलीला रात्री हे पुरतं.”

ते वाक्य समजायला मला पहिला हंगाम लागला. वाइनची बहुतेक द्राक्षं जगात ३० ते ५० अंश अक्षांशांच्या पट्ट्यात होतात. मोझेल ५० अंशांच्या अगदी कडेला. तिथे द्राक्ष पिकणं हेच मुळात अवघड. म्हणून दक्षिणेकडे तोंड करून असलेला उतार, ज्यावर ऊन तिरकं न पडता समोरून पडतं. खाली नदी, जी उजेड परत वर फेकते आणि थंडीची धार थोडी बोथट करते. आणि दिवसभराची ऊब धरून ठेवणारा काळा दगड, या तिन्हींची बेरीज झाली तरच घड पिकतो. हाच डोंगर उत्तरेला तोंड करून असता तर तिथे झाडी असती, मळा नव्हे.

१० अंश सेल्सियसच्या खाली द्राक्षवेल जवळजवळ झोपलेलीच असते. त्यावरची ऊब दिवसागणिक मोजून हंगामभराची बेरीज करायची, ही पद्धत कॅलिफोर्नियात अमेरीन आणि विंकलर या संशोधकांनी १९४४ साली वापरली आणि त्या बेरजेवरून तिथले प्रदेश पाच वर्गांत वाटले. आजही मळा घ्यायचा म्हटलं की ही बेरीज पाहतात. पण मला वाटतं, बेरजेपेक्षा ती ऊब दिवसाची की रात्रीची, हे जास्त महत्त्वाचं आहे. मण्यात पाणी उतरायला लागलं की साखर वाढते आणि आम्ल उतरतं. द्राक्षात मुख्य आम्लं दोन, टार्टारिक आणि मॅलिक. टार्टारिक बऱ्यापैकी टिकून राहतं. मॅलिक वेल श्वसनात जाळते, आणि जितकी ऊब जास्त तितकं जास्त जाळते. म्हणून दिवस तापले पण रात्री गार राहिल्या, तर साखरही येते आणि आंबटपणाचा कणाही शाबूत राहतो. अर्जेंटिनात मेंडोसाच्या ऊको खोऱ्यात लोक हजार मीटरच्या वर मळे लावायला गेले ते यासाठीच. दर शंभर मीटर चढाईला हवा सुमारे अर्ध्या अंशाहून थोडी जास्त गार होते.

साखरेचा हिशोब मात्र सरळ आहे. लिटरभर रसात साधारण १७ ग्रॅम साखर असली की आंबल्यावर एक टक्का अल्कोहोल होतं. फार उष्ण सालात साखर धावत सुटते आणि सुगंध, मण्याची साल, बी पिकण्यात मागे राहतात. अशा वेळी साखर मोजणाऱ्या यंत्राचा आकडा ‘तोडा’ म्हणतो आणि तोंड ‘थांबा’ म्हणतं. आजोबा मणी चावून बी दाताखाली धरायचे. हिरवट आणि चिवट असली तर मान हलवून पुढच्या रांगेत. तपकिरी होऊन कटकन फुटली, की उद्याची माणसं सांगायची.

आता मातीकडे येते, कारण खरी गल्लत इथेच आहे. ‘या वाइनमध्ये दगडाची चव आहे’ असं लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. दगड वाइनमध्ये येत नाही. मुळं पाणी घेतात आणि पाण्यात विरघळलेली थोडी पोषणद्रव्यं. दगडाचा वास-चव घेऊन वर पोचवणारी नळी वेलीत नाही. अॅलेक्स मॉल्टमन या भूशास्त्रज्ञानं हे वर्षानुवर्षं समजावून सांगितलंय, आणि माझ्या मते त्यांचं म्हणणं अगदी बरोबर आहे. काही वाइन पिताना ओल्या पाटीची आठवण येते, हे मीही मान्य करते. पण ती आठवण आम्लातून आणि सुगंधी रेणूंच्या मेळातून तयार होते.

मग माती करते काय? ती पाणी राखते आणि हिशोबानं देते. फ्रान्समधल्या बोर्डोजवळच्या सेंत-एमिलियाँमध्ये व्हान लेवेन हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन प्रकारच्या जमिनी, तीन जाती आणि १९९६ ते २००० अशी पाच सालं शेजारी शेजारी ठेवून अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यात सगळ्यात जास्त फरक सालाच्या हवामानानं पाडला, त्याखालोखाल जमिनीनं, आणि जातीचा क्रमांक बहुतेक बाबतींत त्यांच्यानंतर लागला. हवामान आणि जमीन या दोन्हींचा परिणाम मुख्यतः एकाच वाटेनं वेलीपर्यंत पोचत होता, ती म्हणजे पाण्याचा ताण, वेलीला पाणी कमी पडणं.

द्राक्षाची शेती जवळून पाहिलेल्या कोणालाही हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. योग्य वेळी बेताचा ताण बसला की शेंडा थांबतो, वेल पानं वाढवायचं सोडून घडाकडे वळते, मणी लहान राहतो. लहान मण्यात रसाच्या मानानं साल जास्त, आणि रंग, सुगंध, तुरटपणा हे सगळं बरंचसं सालीत. ताण अति झाला तर पानं करपतात आणि पिकणंच थांबतं. ताण अजिबात नसला तर वेल मजेत फोफावते, घड सावलीत जातात, मणी फुगतात, चव पातळ होते. बोर्डोची खडी पाणी झटकन सोडून देते. चुनखडी पाणी स्पंजासारखं धरून थोडं थोडं देते. म्हणून वेगवेगळ्या दगडांवर उत्तम वाइन होते, आणि ‘सर्वोत्तम माती कोणती’ या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नाही.

मोझेलच्या त्या मळ्यात हे मी एका सकाळी तळघरात चाखलं. फुडर म्हणतात ती हजार लिटरची दोन जुनी लाकडी पिंपं शेजारी शेजारी. एकात डोंगराच्या पायथ्याचा रस, दुसऱ्यात मधल्या पट्ट्याचा. त्याच आठवड्यात तोडलेला, सारखाच दाबलेला, दोन्ही आपापल्या यीस्टवर आंबलेले. पायथ्याला शतकानुशतकं वरून वाहून आलेली माती खोल साचलीय, तिथे पाणी कधी कमी पडत नाही. ती वाइन मऊ, गोलसर, पिकल्या फळाच्या वासाची होती, आणि गिळली की संपायची. मधल्या पट्ट्यात पायाखाली चिपाच चिपा. ती वाइन पहिल्या घोटाला अगदी आक्रसलेली वाटली; पण गिळून झाल्यावर मी जिना चढून अंगणात आले तरी तोंडात होती. मधे अंतर जेमतेम दोनशे पावलांचं. त्या दिवसापासून तुकड्यांची वेगळी नावं ही मला बढाई वाटत नाहीत.

हवामान सुगंधात कसं उतरतं, हे आता रेणूंच्या पातळीवर कळलेलं आहे. काबर्ने सोव्हिन्यों या जातीत येणारा ढोबळी मिरचीसारखा वास पायराझिन नावाच्या द्रव्यांचा. घड नीट पिकला आणि त्याला ऊन लागलं की तो कमी होतो. गार भागातल्या सिराह या जातीत काळ्या मिरीचा वास येतो तो रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे. वाइनमधलं हे द्रव्य ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली ओळखलं, आणि सुमारे पाचातल्या एका माणसाला त्याचा वास जाणवतच नाही, म्हणून एकाच बाटलीवर दोन जाणकारांचे वाद होतात. जुन्या रीसलिंगमध्ये रॉकेलसारखा एक वास येतो. मणी जितके उन्हात उघडे पडलेले, तितका तो पुढे जास्त. आम्ही उष्ण सालात घडाभोवतीची पानं फक्त सकाळच्या उन्हाच्या बाजूनं काढायचो, दुपारच्या बाजूची राखायचो. थंड सालात दोन्हीकडची. हा निर्णय दर वर्षी, दर तुकड्याला वेगळा.

इथेच कुटुंबाचा मळा असण्याचा खरा फायदा मला दिसला. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटात वह्या होत्या: कोणत्या तुकड्यात डोळे कधी फुटले, फुलोरा कधी, गारा कधी, तोडणी कधी. आजोबांच्या वडिलांच्या हस्ताक्षरापासून. जो माणूस एकच उतार चाळीस वर्षं पाहतोय, त्याला पाऊस झाल्यावर कोणती ओळ आधी कुजणार हे माहीत असतं. तो एक तुकडा चार वेळा तोडतो, वेगळा आंबवतो. अनेकांकडून द्राक्षं घेऊन एकत्र करणाऱ्याच्या टाकीत हे सगळे फरक विरून जातात. तरीही ‘कुटुंबाचा मळा’ एवढ्या शब्दांवर भरवसा ठेवू नका. उत्पन्नाच्या हव्यासानं वेलीवर घडांचा भार ठेवणारी कुटुंबंही असतात, आणि तुकडे जिवापाड सांभाळणाऱ्या कंपन्याही. फ्रान्समधल्या बर्गंडीत क्लो द व्हूजो नावाचा भिंत घातलेला मळा आहे, सुमारे ५० हेक्टरचा. सिस्टर्सियन पंथाच्या ख्रिस्ती मठवासीयांनी तो बाराव्या शतकापासून उभा केला. आज त्याचे सुमारे ८० मालक आहेत. भिंत एक, नाव एक, पण वरच्या अंगाची जमीन उथळ आणि निचऱ्याची, खालच्या अंगाची जड आणि ओली, त्यात प्रत्येकाचा हात वेगळा. त्या एकाच नावाखाली थोर वाइनही मिळते आणि साधारणही. मी हाताला टेर्वारचा भागच मानते.

तुम्हाला स्वतः खात्री करायची असेल तर एकाच मळ्याच्या, एकाच सालाच्या, दोन तुकड्यांच्या बाटल्या एकत्र उघडा. तेव्हा जमीन दिसेल. मग एकाच तुकड्याची दोन वेगळी सालं घ्या, एक उष्ण आणि एक थंड. तेव्हा हवामान दिसेल. सुरुवात रीसलिंग किंवा पिनो न्वार यांनी करा आणि नव्या लाकडाचा वास चढवलेल्या वाइन टाळा, कारण लाकूड पुढे आलं की बाकीचं ऐकू येत नाही.

तुमच्या प्रश्नाच्या शेवटी एक ओळ होती, की हवामानच बदलत असेल तर तुकड्यांच्या या नावांचं काय होणार. ही काळजी मलाही आहे. बर्गंडीतल्या बोनमध्ये तोडणीच्या तारखांची नोंद १३५४ पासून लावलेली आहे. १९८८ नंतर तिथली तोडणी आधीच्या सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस आधी येते. हिवाळे सौम्य झाले की डोळे लवकर फुटतात, आणि मग एप्रिलमधलं एखादं गोठवणारं दहिवर कोवळी फूट जाळून जातं. फ्रान्समध्ये २०२१ च्या एप्रिलमध्ये रात्रभर मळ्यांत मेणबत्त्या पेटवूनही फार मोठं नुकसान झालं. जर्मनीत उणे ७ अंशांत गोठलेल्या द्राक्षांची आइसवाइन करतात; २०१९ च्या हंगामात तेवढी थंडी देशात जवळपास कुठेच पडली नाही.

मोझेलच्या त्या घरात आता मुलगी मळा पाहते. त्यांचा एक तुकडा आतल्या अंगाच्या ओढ्याकडे वळलेला, वाऱ्याचा, उशिरा ऊन येणारा. वहीत त्याच्यापुढे वर्षानुवर्षं एकच शेरा आहे, ‘पिकलं नाही’. माझ्या दुसऱ्या हंगामात तिनं तिथल्या पडीक ओळी साफ करून नव्या खुंटावरची रीसलिंगची कलमं लावली. आजोबा खांब रोवायला स्वतः वर चढून आले होते. प्रत्येक खांब रोवून झाला, की वाकून बुंध्याशी चार चिपा नीट रचून ठेवायचे.