अंगणातलं वेल्डिंग, घरगुती मीटर आणि ३६०० युनिटांची ओळ

धायरीच्या एका निवृत्त काकांचं पत्र समोर आहे. चाकणच्या कारखान्यातली नोकरी सुटल्यावर मुलानं दिवाळीनंतर इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेतलं आणि घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये खिडक्यांच्या ग्रिल, छोटी गेटं करायला सुरुवात केली. मशीन चालू झालं की शेजारच्यांचे दिवे मिचमिचायचे. कुणीतरी तक्रार केली, जुलैत वीज कंपनीचं भरारी पथक आलं आणि काकांच्या हाती वीज कायद्याच्या कलम १२६ खालचा, बारा महिन्यांसाठी ६८ हजारांचा प्रोव्हिजनल असेसमेंटचा, म्हणजे तात्पुरत्या आकारणीचा आदेश पडला. त्यांचा प्रश्न असा: "वेल्डिंगमुळे बिल महिन्याला आठ-नऊशेनं वाढलं, ते मी दर वेळी मुदतीत भरलं. मीटरला हात लावलेला नाही. मग ६८ हजार कशाचे?"

कुणाची घरातली गिरणी, कुणाची शिलाई यंत्रं, कुणाची बेकरीची भट्टी. प्रश्न हाच असतो.

काका, तुम्ही चोरी केली नाहीत हे मला पटलं आहे. पण तुमच्या तीन पानी पत्रात अडीच पानं तेच आहे, आणि या प्रकरणात त्याचा उपयोग नाही. कलम १२६ ला चोरी लागतच नाही. ज्या कारणासाठी वीज मंजूर झाली त्याहून वेगळ्या कारणासाठी ती वापरली, एवढं पुरे होतं. चोरीचं कलम १३५, तिथे लबाडीचा हेतू दाखवावा लागतो. १२६ मध्ये हेतूचा प्रश्न येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये सीताराम राईस मिलच्या निकालात हा फरक स्पष्ट केला आहे. त्यामुळे "मी प्रामाणिक आहे" हा बचाव सुनावणीत दोन मिनिटंही टिकणार नाही. आणि दर दुप्पट का, तर कायद्यातच तसं लिहिलंय: त्या वर्गवारीला जो दर लागू आहे त्याच्या दुपटीनं आकारणी. तुम्ही भरलेली बिलं घरगुती दराची होती, असेसमेंट व्यापारी दराच्या दुपटीचं आहे. ६८ हजार तिथून आले.

तुमचं प्रकरण एका ओळीवर उभं आहे आणि ती ओळ वीज कायद्यात नाही, दरपत्रकात आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग महावितरणसाठी जो दर-आदेश काढतो, त्यात घरगुती वर्गवारी कुणाकुणाला लागू याची यादी असते. त्या यादीत राहत्या घराच्या काही भागातून व्यवसाय करणारा ग्राहकही आहे, मग तो व्यवसाय व्यापारी असो वा औद्योगिक. अट अशी की वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत आणि मागच्या आर्थिक वर्षात मिळून ३६०० युनिटांपर्यंत हवा. पात्रता आर्थिक वर्षाच्या शेवटी तपासायची. ३६०० ओलांडले असतील तर त्यापुढे घरगुती दर मिळणार नाही, आणि तेही ग्राहकाला आधी कळवून.

"त्यापुढे" आणि "आधी कळवून" हे शब्द पुन्हा वाचा. तुम्ही या अटीत बसत असाल तर घरगुती मीटरवर वेल्डिंग करणं हा वेगळ्या कारणासाठी केलेला वापर ठरतच नाही, कारण आयोगानंच तो घरगुती दरात धरला आहे. आणि तसं असेल तर कलम १२६ चा पायाच निघून जातो. तुमचं असेसमेंट ज्या महिन्यांचं आहे त्या महिन्यांत लागू असलेला दर-आदेश काढा, त्यातलं घरगुती वर्गवारीचं पान छापून घ्या आणि हरकतीला जोडा. मूळ शब्द कागदावर समोर असले की सुनावणीचं वळण बदलतं, हे मी पाहिलं आहे.

आता तुमचे आकडे. तुम्ही पाठवलेल्या बिलांवरून गेल्या आर्थिक वर्षाची, म्हणजे एप्रिल ते मार्चची बेरीज मी केली: ३०७४ युनिट. मर्यादेच्या आत, आणि चांगल्यापैकी आत. पण असेसमेंट गेल्या जुलैपासून आहे. त्यातले मार्चपर्यंतचे महिने त्याच्या आधीच्या आर्थिक वर्षाच्या वापरावर ठरतील. तेव्हा मशीन घरात नव्हतंच, म्हणून तो आकडा कमीच निघावा. पण "निघावा" म्हणून चालत नाही. उपविभाग कार्यालयात लेखी अर्ज देऊन तुमच्या ग्राहक क्रमांकाचं तीन वर्षांचं सीपीएल, म्हणजे ग्राहकाची खातेवही, मागा. खिडकीवर सीपीएल म्हटलं की कळतं. त्यात महिन्यावार रीडिंग, युनिट, भरणा सगळं असतं आणि कंपनीला स्वतःचंच खातं नाकारता येत नाही.

मुलगा रोज पंचवीस-तीस रॉड जाळतो असं तुम्ही सहज लिहून गेलात, पण पत्रातली सर्वांत कामाची गोष्ट तीच आहे. अडीच एमएमचा रॉड सुमारे शंभर अँपिअरवर साधारण मिनिटभर जळतो. इन्व्हर्टर मशीन त्या वेळी तीन किलोवॅटच्या आसपास ओढतं. म्हणजे वीसेक रॉडला एक युनिट. दिवसाला तीस रॉड आणि महिन्याला बावीस दिवस काम धरलं तर तेहतीस युनिट. चार इंची ग्राइंडर तासभर आणि चौदा इंची कटर वीसेक मिनिटं चालला तर रोजचा आणखी दीड युनिट, महिन्याचे पुन्हा तेहतीस. सगळं मिळून सहासष्ट. जानेवारीच्या तुमच्या बिलावर २७१ युनिट आहेत. म्हणजे चार हिश्श्यांतला एक हिस्सा वेल्डिंगचा आणि तीन हिस्से घराचे: गीझर, फ्रिज, पंप, टीव्ही. बिल आठ-नऊशेनं वाढलं हा तुमचा अंदाजही याच्याशी जुळतो, कारण हे सहासष्ट युनिट शंभरच्या वरच्या स्लॅबमध्ये पडतात, पहिल्या स्वस्त शंभरात नाही. (जुनं ट्रान्सफॉर्मरचं मशीन असतं तर हा हिशेब लागू झाला नसता, ते जास्त खातं, आणि नुसतं चालू ठेवलं तरी थोडं खात राहतं.)

हा हिशेब मी का मांडतोय? कारण तपासणी अहवालात "जागेचा वापर: फॅब्रिकेशन वर्कशॉप" असं लिहिलंय आणि खाली तुमची सही आहे. चष्मा आत होता म्हणून न वाचता सही केली, असं तुम्ही लिहिता. काका, चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं चष्मा आणायला दोन मिनिटं मागायला हवी होती. कुणी अडवलं नसतं. दरपत्रकातले शब्द "राहत्या घराच्या काही भागातून" असे आहेत, आणि तुम्ही सही केलेला कागद म्हणतो की अख्खी जागाच वर्कशॉप आहे. आता ते खोडायला पुरावा लागेल. रॉडच्या खरेदीची बिलं काढा. शेड आणि मागचं राहतं घर एकाच फ्रेममध्ये येईल असे फोटो काढा. रेशन कार्ड, गॅसचं पुस्तक जोडा. शेड किती फुटांची आणि घर किती फुटांचं हे मोजून लिहा.

मशीनच्या खरेदीचं पक्कं बिल नोव्हेंबरचं आहे असं तुम्ही म्हणता. मग बारा महिन्यांची आकारणी आलीच कशी? असा वापर जितका काळ झाला तितक्याच काळाची आकारणी करायची असा नियम आहे. काळ कळतच नसेल तेव्हाच मागचे बारा महिने धरता येतात. तुमचा काळ बिलावर छापलेला आहे. दरपत्रकाचा मुद्दा फेटाळला गेला, तरी जुलै ते ऑक्टोबर हे चार महिने वगळायलाच हवेत. हा मुद्दा हरकतीत स्वतंत्र परिच्छेदात घाला.

बाकी ठिकाणी मी इतकं ठामपणे बोलणार नाही. मे महिन्यात ३३८ युनिट पडले आहेत. महिन्याची ३०० ची अट एका उन्हाळी महिन्यात मोडली म्हणून सगळी पात्रता जाते, असं समोरून म्हटलं जाईल. माझ्या मते वर्षअखेरीच्या तपासणीत ३६०० हाच आकडा निर्णायक मानला आहे, कारण घरगुती दर काढून घेण्याची तरतूद त्याच आकड्याला जोडलेली आहे. पण अधिकारी हे मान्य करेलच असं सांगता येत नाही. शेडचंही तसंच. ती घराला लागून, त्याच मीटरवर आणि त्याच आवारात असेल तर "घराचा भाग" म्हणता येईल. मध्ये रस्ता किंवा वेगळी मिळकत असेल तर मोठी अडचण आहे.

भाराचा मुद्दा मात्र मला खरोखर बोचतो. तुमच्या बिलावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त ओढायला परवानगी असलेली वीज, दोन किलोवॅट आहे आणि अहवालात जोडलेला भार साडेसात लिहिला आहे. मंजूर भारापेक्षा जास्त वापर हासुद्धा कलम १२६ मध्ये येऊ शकतो, हे त्याच २०११ च्या निकालात आहे, आणि ३६०० युनिटांची ओळ भाराबाबत काहीच म्हणत नाही. आदेशात भाराचा मुद्दा घेतला आहे की फक्त वापराच्या कारणाचा, हे तुम्ही पाठवलेल्या फोटोत नीट दिसत नाही. दुसरं पान पुन्हा पाठवा. काहीही असो, भार वाढवून घेण्याचा अर्ज याच आठवड्यात करा आणि त्यात "माझ्या हरकतीस बाध न येता" हे शब्द लिहा. मशीन घेतलं त्याच दिवशी हा अर्ज केला असता तर शेजाऱ्यांचे दिवेही कदाचित मिचमिचले नसते.

हरकतीत पर्यायी म्हणून आणखी एक मुद्दा टाका. नवीन ग्रिल, गेट बनवणं हे उत्पादन आहे, ते औद्योगिक वर्गवारीत जायला हवं. दुरुस्तीची दुकानं व्यापारी वर्गवारीत येतात. तुमचं असेसमेंट व्यापारी दरानं केलंय. दुप्पट लावायचीच असेल तर योग्य वर्गवारीची लावा. आणि त्या काळात तुम्ही भरलेली रक्कम वजा केली आहे का, ते आकडा-आकडा तपासा.

आता मुदतीबद्दल, आणि इथे मला राग येतो. आदेश हाती पडून १९ दिवस झाले. कुणा वायरमननं "पडू द्या, नंतर मिटवू" म्हटलं म्हणून तो कपाटात पडला. आदेशावरचे सात दिवस उलटून गेले म्हणून आता काही करता येत नाही, असंही तुम्हाला वाटतंय. ते सात दिवस असेसमेंट मान्य करून पैसे भरणाऱ्यासाठी आहेत. हरकत घेणाऱ्यासाठी नाहीत. अंतिम आदेश तात्पुरता आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत काढायचा असतो आणि तुमची हरकत त्याआधी, सुनावणीला वेळ उरेल अशी पोचायला हवी. तुमच्याकडे अकरा दिवस आहेत. त्यातले दहा वापरू नका, दोन वापरा. तीस दिवस उलटले की आदेश आपोआप रद्द होतो, असं सांगणारेही भेटतील. त्यावर विसंबून घरी बसू नका.

अंतिम आदेश विरुद्ध गेला तर कलम १२७ खाली ३० दिवसांत अपील आहे, आपल्याकडे ते विद्युत निरीक्षकांपुढे चालतं. पण आकारलेल्या रकमेच्या निम्मे आधी भरावे लागतात. म्हणजे खिशातून ३४ हजार. न भरता बसलात तर वर्षाला १६ टक्के व्याज, तेही दर सहा महिन्यांनी चक्रवाढ. शिवाजीनगर कोर्टात दावा लावून स्टे आणू, असं तुमचा भाचा म्हणतोय. कलम १४५ नं दिवाणी न्यायालयाचा तो दरवाजा बंद केला आहे. ग्राहक आयोगातही जाता येणार नाही, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये अनीस अहमद प्रकरणात तसं ठरवलं आहे. वीज कंपनीचा तक्रार निवारण मंचही कलम १२६ ची प्रकरणं घेत नाही. उच्च न्यायालयात रिट करता येतं, पण तिथे पहिला प्रश्न "अपील का केलं नाही?" हाच येतो, आणि तो ऐकायला मिळेपर्यंत किती तारखा जातील हे मी तुम्हाला सांगू शकत नाही. चुकीच्या दारात वर्ष-दीड वर्ष घालवून, अपिलाची मुदत घालवून माझ्याकडे आलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांच्या बाजूनं मुद्दा होता. तो ऐकायला कुणी उरलं नव्हतं.

गुन्हा दाखल होईल या भीतीनं काकूंना झोप नाही, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सांगा, आदेश कलम १२६ चा आहे. चोरीचं प्रकरण असतं तर वीज तिथेच तोडली असती आणि चोवीस तासांत पोलिसांत तक्रार द्यावी लागली असती. तुमच्या घरात दिवे चालू आहेत. इतकं मात्र करा, हा निकाल लागेपर्यंत आणि भार मंजूर होईपर्यंत मुलाला मशीन बंद ठेवायला सांगा. दुसरी तपासणी झाली तर मी लिहिलेलं सगळं कमजोर होईल. काम थांबवणं शक्य नसेल तर शेडसाठी वेगळ्या मीटरचा अर्ज करा. पण धायरी २०१७ पासून महापालिकेत आहे, आणि वीज अर्जावर "वर्कशॉप" लिहिलेलं उद्या मिळकतकराच्या खात्यातही वाचलं जाऊ शकतं. म्हणून तो अर्ज पाठवण्याआधी मला दाखवा.

हरकत रास्ता पेठेतल्या महावितरणच्या कार्यालयात नेऊन देऊ नका. आदेशाखाली ज्या अधिकाऱ्याची सही आहे त्याच्या नावे, त्याच्याच कार्यालयात द्या. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नका. शेवटच्या ओळीत "मला प्रत्यक्ष सुनावणी द्यावी" असं लिहा. आणि या वेळी चष्मा बरोबर ठेवा.