आयटीआय झालं, मग लायसन्स कशाला?

प्रश्न : इलेक्ट्रिशियन ट्रेडमधून आयटीआय केलंय, २ वर्षं एका कॉन्ट्रॅक्टरच्या हाताखाली काम करतोय. आता स्वतः घरांच्या वायरिंगची कामं घ्यायचीत. सर्टिफिकेट आहे ना, मग अजून काय लागतं?

उत्तर : भाऊ, ते सर्टिफिकेट म्हणजे शिक्षण झालं, परवाना नव्हे, आणि निम्मी पोरं इथंच फसतात. परवाना राज्य सरकारचा असतो, आणि त्यात तीन प्रकार वेगवेगळे आहेत, वायरमनचं परमिट, सुपरवायझरचं सक्षमता प्रमाणपत्र आणि कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्स. परमिट हातात आलं म्हणजे तू वायरिंग करू शकतोस, पण स्वतःच्या नावावर काम घ्यायचं तर कॉन्ट्रॅक्टरचं लायसन्सच लागतं, कारण नवीन मीटर घेताना महावितरणला जो टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो त्यावर लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरचीच सही चालते, आणि त्या कॉन्ट्रॅक्टरकडे प्रमाणपत्रवाला सुपरवायझर पाहिजे.

तर आधी परमिटचं बघ. आत्ताच्या कॉन्ट्रॅक्टरकडून अनुभवाचा दाखला लेखी घेऊन ठेव, काम सोडल्यावर मागायला गेलास की उद्या ये परवा ये सुरू होतं. आणि मेगर, म्हणजे वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र, नीट वापरायला शीक बाबा! मेन बंद, बल्ब-उपकरणं काढलेली, मग ५०० व्होल्टच्या मेगरने फेज आणि अर्थमधलं इन्सुलेशन बघायचं, १ मेगओहमच्या खाली आलं तर कुठेतरी वायर सोललीय किंवा ओल आहे. स्विच फेजवरच, न्यूट्रलवर कधीच नाही. एजंटला पैसे देऊ नकोस, अर्ज स्वतः भरता येतो.