संकर, उकिरडा आणि कोंबडीची नखं

रत्नागिरीकडच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. परसात दहा-बारा गावठी कोंबड्या, सगळ्या पिवळ्या पायांच्या. त्यांच्यात त्यांनी कडकनाथ, म्हणजे काळ्या कातडीच्या जातीचा, कोंबडा सोडला. पिल्लं वाढली तेव्हा तलंगा (तरुण माद्या) काळ्याकुट्ट निघाल्या आणि नर मात्र फिके. विचारतात: "यांना संकर म्हणायचं, संकरित म्हणायचं की सुधारित? 'संकर' जरा शिवीसारखा वाटतो, म्हणून 'मिश्र' म्हटलं तर चालेल का?"

आधी माझा राग ऐकून घ्या. आमच्या बाजारात एक पाटी आहे: 'येथे संकरीत मिळणार नाही, फक्त ओरिजनल गावरान.' 'री' दीर्घ, हा पहिला गुन्हा. दुसरा त्याहून मोठा. 'संकरित' म्हणजे पिंजऱ्यातली, फोपशी, इंजेक्शनवाली पांढरी कोंबडी, असं लोकांनी ठरवूनच टाकलंय. अहो, गावरान कोंबडीइतका संकर दुसरीकडे शोधून सापडणार नाही! अख्ख्या वाडीतले कोंबडे मोकाट हिंडतात, कोणाचं पिल्लू कोणाचं हे खुद्द कोंबडीला ठाऊक नसतं. आणि तिला म्हणे 'ओरिजनल'.

'सुधारित'चं चटकन उरकतो. एकाच वाणात पिढ्यान्‌पिढ्या चांगली जनावरं निवडत गेलं की वाण सुधारतो. दोन वेगळ्या वाणांची गाठ घातली की संकर होतो. हैदराबादची वनराजा आणि बंगळुरूची गिरिराज हे पक्षी 'सुधारित' म्हणून वाटले जातात, पण जन्माने ते संकरित आहेत. म्हणून तर त्यांची अंडी घरच्या खुडूक कोंबडीखाली ठेवली की पिल्लं आईबापांसारखी निघत नाहीत, आणि माणूस सरकारी केंद्राला शिव्या देत बसतो. शिव्या शब्दाला द्याव्यात.

आता खरी गंमत. 'संकर' आला 'कॄ' या धातूपासून. दीर्घ ॠ बरं का. अर्थ विखुरणं, उधळणं, फेकणं. संस्कृतचे एक निवृत्त मास्तर मला गेली कित्येक वर्षं बजावताहेत की संकर आणि संस्कार एकाच 'कृ'ची पोरं. साफ चूक. तसं असतं तर 'संस्कृत'सारखं 'संकृत' झालं असतं. आपण म्हणतो 'संकीर्ण'. विकीर्ण, प्रकीर्ण, संकीर्ण ही सगळी भावंडं दीर्घ 'कॄ'ची. (हिंदीच्या नादाने कोत्या मनाला 'संकीर्ण मानसिकता' म्हणणाऱ्यांनी कृपया मराठीत 'संकुचित' हा शब्द शिल्लक आहे याची नोंद घ्यावी.)

हा धातू मराठीत कुठे लपलाय? कोंबडीच्या पायाखाली! उत्‌ + कॄ म्हणजे उकरणे. उकरून, फेकून जो ढीग होतो तो 'उत्कर', आणि त्याचाच आपला उकिरडा. सकाळी डालगं (कोंबड्या झाकायची टोपली) उचला आणि बघा. कोंबडी धावत उकिरड्यावर जाते, डावा पाय दोनदा मागे, उजवा दोनदा मागे, मग एक पाऊल मागे सरून मान तिरपी करून काय निघालं ते बघते. ही जी मागे उडणारी माती आहे ना, तोच 'कॄ'. पाणिनीच्या परंपरेने या उकरण्यासाठी वेगळा नियम केलाय. चतुष्पाद आणि पक्षी आनंदाने, पोटासाठी किंवा निवाऱ्यासाठी जमीन उकरतात तेव्हा 'अपस्किरते' असं रूप होतं. उदाहरणं तीन: माजलेला बैल, बसायला जागा करणारा कुत्रा आणि दाणा शोधणारा कोंबडा. शिवाय उकरून खाणाऱ्या पक्ष्यांना नावच 'विष्किर'. आयुर्वेदात मांसाचे वर्ग सांगताना लावा, तित्तिर, कोंबडा हे विष्किरांत येतात. म्हणजे कोंबडी 'कॄ'ची, उकिरडा 'कॄ'चा आणि कोंबडीचा संकरही 'कॄ'चाच.

शिवीचा वास कुठून आला, तर इथूनच. अमरकोशात केरसुणीच्या शेजारीच 'संकर' आहे, अर्थ केर. झाडून एकत्र केलेला कचरा. पुढे गीतेत अर्जुनाने वर्णसंकराची धास्ती घेतली आणि शब्द कायमचा बाटला. (मराठी 'केर'सुद्धा याच घरातला, हा माझा आपला लाडका तर्क. अवकर म्हणजे केर. अवकर, वकर, केर असा माझा उतार. मास्तर हसतात. हसू देत.)

आता जे म्हणायचं आहे ते. 'संकर' हा शब्द विज्ञानाने घेतला तोच मुळात उलटा. आपल्या अलंकारशास्त्रात मिसळण्याचे दोन प्रकार आहेत. तीळ आणि तांदूळ मिसळले तरी वेगळे निवडता येतात, ती संसृष्टी. दूध आणि पाणी मिसळलं की निवडता येत नाही, तो संकर. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलच्या आधी लोकांना वाटायचं की आईबापांचे गुण दूधपाण्यासारखे एकजीव होतात. मेंडेलने 1866 साली वाटाण्यावरून दाखवलं की तसं होत नाही, आणि इंग्रज जीवशास्त्रज्ञ बेटसनने 1902 साली कोंबड्यांच्या तुऱ्यांवर तोच नियम लावून दाखवला. गुण निवडता येतात!

अँडलुशियन नावाची निळसर राखी कोंबडी घ्या. काळी आणि कवडी पांढरी यांच्या गाठीतून सगळी पिल्लं निळी येतात. वाटतं, दूधपाणी झालं. आता दोन निळ्यांची गाठ घाला. चारांत सरासरी एक काळं, दोन निळी, एक कवडी पांढरं. तीळ तिकडे, तांदूळ इकडे. तेव्हा जीवशास्त्राने 'संकर' ऐवजी 'संसृष्टी' म्हणायला हवं होतं, 'संसृष्ट कोंबडी'. पन्नास वर्षं उशीर झालाय हे मला कळतं, पण म्हणून चूक बरोबर होत नाही.

तुमच्या तलंगांबद्दल. कडकनाथाचं काळेपण प्रबळ आहे, एका पालकाकडून आलं तरी उतरतं. पण कातडीतलं काळं दाबणारा दुसरा एक गुण असतो. फिक्या पायांच्या कोंबड्यांत तो असतो आणि तो लिंगसूत्रावर, म्हणजे नर की मादी हे ठरवणाऱ्या गुणसूत्रावर, बसलेला असतो. कोंबड्यात ही सूत्रं दोन सारखी, कोंबडीत एकच. म्हणून कोंबडी आपलं ते सूत्र फक्त मुलग्यांना देते, मुलींना ते मिळतं बापाकडून. तुमच्या गावठी कोंबड्यांचा 'दाब' नरांना मिळाला, ते फिके पडले. तलंगांना कडकनाथ बापाचं दाबरहित सूत्र आलं, त्या काळ्या. हेच उलट करा, कडकनाथ कोंबडीवर दोन्ही सूत्रांवर दाब असलेला फिक्या पायांचा कोंबडा सोडा, तर नर-माद्या दोन्ही फिके. बेटसन आणि त्याचा सहकारी पनेट यांनी 1911 साली अशाच काळ्या कातडीच्या सिल्की जातीच्या कोंबड्यांत हेच दाखवलं होतं.

एका पालकाकडून आला तरी दिसणारा गुण आणि त्याच्याखाली दबून राहणारा गुण, यांना शाळेच्या पुस्तकांतले शब्द 'प्रभावी' आणि 'अप्रभावी'. पहिला ठीक. दुसरा कोणी आणला? औषध अप्रभावी ठरतं, मंत्री अप्रभावी ठरतात. एकेरी तुऱ्याचा गुण 'अप्रभावी' कसा? तो काही निकामी नसतो, नुसता झाकलेला असतो. आपल्याकडे म्हणच आहे, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. वाटाणातुऱ्याच्या (बुटक्या, तीन ओळींच्या तुऱ्याच्या) कोंबड्या-कोंबडीच्या पिल्लांत अचानक एक साधा करवती तुरा उगवतो, तेव्हा डालग्याखाली दोघांकडे तेच कोंबडं होतं. मी 'झाकला गुण' म्हणतो. पुस्तकवाल्यांना 'सुप्त' हवा असेल तर तोही चालेल, 'अप्रभावी' नको. आणि 'अनुवांशिक' तर मुळीच नको. अनुवंशाला 'इक' लागला की पहिला स्वर वाढतो: आनुवंशिक. 'अ'चा काना चोरून 'व'ला लावणाऱ्यांना माझ्या परसातला कोंबडा चावतो.

तुमच्या पिल्लांना 'मिश्र' म्हणालात तरी भांडणार नाही, पण 'संकरित' बरोबर आहे, 'सुधारित' नाही. 'कडकनाथ' म्हणून मात्र विकू नका. ते नाव मध्य प्रदेशातल्या झाबुआचं आहे, 2018 साली तिथल्या कडकनाथच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालंय. आणि पाटी रंगवाल तेव्हा 'रि' ऱ्हस्व.