भाऊ जेलमधे आहे, तीन महिन्यांच्या बाळाला मुलाखतीला (जेलमधल्या भेटीला) न्यावं का?

ताई, तू लिहिलंयस की भाऊ २२ वर्षांचा, सात महिने झाले आत आहे, कच्चा कैदी (म्हणजे केसचा निकाल अजून लागलेला नाही), मुलगी तीन महिन्यांची झाली आणि तो म्हणतो तिला इथे आणू नका, मोठी झाली की बाप गल्फला आहे म्हणून सांगा, आणि आता घरातलेही तेच म्हणायला लागलेत. मी उत्तर देतोय कारण २००९ मधे मी २३ चा होतो, माझी मुलगी चार महिन्यांची होती आणि मीही बायकोला हेच सांगितलं होतं. बाळाला ने. पुढच्याच मुलाखतीला ने.

त्याला बाळ नकोय असं नाही गं, त्याला लाज वाटतेय. आत पोरं केस, वकील, तारीख यावर दिवसभर बोलतात पण लेकराचा विषय निघाला की कूस बदलून झोपतात. आमच्या बराकीत माझ्याच वयाचे पाच-सहा जण बाप होते हे मला वर्षभराने कळलं, आणि शेजारी शेजारी चादर टाकून झोपत होतो आम्ही. सरकारी कागदावरही तेच. २०२२ च्या एनसीआरबीच्या (गुन्ह्यांची आणि जेलची आकडेवारी ठेवणारं केंद्र सरकारचं खातं) आकड्यांत देशभरात ५ लाख ७३ हजार कैदी, त्यातले ४ लाख ३४ हजार कच्चे, आणि कच्च्यांमधे जवळपास निम्मे १८ ते ३० वयाचे. आईसोबत जेलमधे राहणारी मुलं मोजलेली आहेत, त्या वर्षी १,७६४ होती, पण आतल्या पुरुषांपैकी बाप किती याला रकानाच नाही. मला हे फार लागतं.

तीन महिने मी नको नकोच म्हणत होतो, शेवटी बायकोने ऐकलं नाही आणि पोरगी सात महिन्यांची असताना घेऊन आली. मधे काच, दोन्हीकडे तारेचे फोन, आजूबाजूला सगळे ओरडतायत, आणि पोरगी माझ्याकडे बघेचना, ती रिसीव्हरची तार तोंडात घालत होती. मग तिने बिस्किटाचा चिकट हात काचेवर आपटला आणि वेळ संपल्यावर त्या गेल्या तरी चार बोटांचा तो ठसा तसाच होता, पुढच्या माणसाने शर्टाच्या बाहीने पुसला. त्या रात्री पहिल्यांदा मी वकिलाला काय काय विचारायचं ते कागदावर लिहून काढलं, तोपर्यंत नुसता पडून असायचो, केस चालतेय तर चालू दे.

पण नुसतं दाखवून आणू नकोस, त्याला बापाची कामं दे. तू आत्या आहेस, बारशाला कानात नाव तू सांगशील पण निवडू दे त्याला. जन्माची नोंद झाली असेल तरी नाव नंतर घालता येतं, एक वर्षाच्या आत फी पण नाही. लसीच्या तारखा त्याला सांग, पुढचा डोस दिला का हे त्याने वहिनीला विचारायचं, वहिनीने त्याला नाही. माझी बायको दर महिन्याला पोरीचा पाय कागदावर ठेवून पेनाने आखायची आणि तो कागद पत्रातून पाठवायची, मी तो तळहातावर ठेवून बघायचो, आधी मधल्या बोटाच्या मुळापर्यंत यायचा, मग पेरापर्यंत, आणि सुटलो तेव्हा त्याच्याही पुढे गेला होता. झडतीत बाकी काय काय गेलं, ते कागद एकाही शिपायाने घेतले नाहीत.

आता ई-मुलाखत आहे, मोबाईलवरून व्हिडिओने बोलता येतं, आमच्या वेळी नव्हतं, तिचं बुकिंग करत जा. गळाभेट नावाचा कार्यक्रमही महाराष्ट्रातल्या जेलमधे होतो, त्यात काच नसते, मुलांना मांडीवर घेता येतं, पण तो मुख्यतः पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी असतो, तरी विचारून ठेव.

केसचं थोडक्यात. खाजगी वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही, हेल्पलाईन १५१००. पहिलाच गुन्हा असेल तर नवीन बीएनएसएसचं (जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४७९ बघायला वकिलाला सांग, जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर सोडण्यासाठी जेलच्या सुपरिटेंडेंटनेच कोर्टाला लिहायचं असतं (फाशी-जन्मठेपेच्या कलमांना आणि एकाहून जास्त केसेस चालू असतील तर लागू नाही). आणि जामीन मंजूर होऊन जामीनदार मिळत नसेल तर गप्प बसू नका, एक महिन्यात जामीनदार उभा राहिला नाही तर अट सैल करण्याचा विचार कोर्ट करू शकतं, सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२३ मधे सांगितलंय. मुंबईकडे असाल तर टीआयएसएसचं (टाटा समाजविज्ञान संस्था) प्रयास आहे, ते लोक १९९० पासून कैद्यांच्या आणि घरच्यांच्या सोबत काम करतात, तिथे बोला.

गल्फचं खोटं मात्र बोलू नका. मी दोन वर्षं चार महिन्यांनी सुटलो, निर्दोष. पोरीने मला जास्त करून कोर्टाच्या व्हरांड्यातच बघितलं होतं, तारखेला, शेजारी एस्कॉर्टचा पोलीस. पहिल्या रात्री घरी जेवायला बसलो तर तिने आईला विचारलं, पोलीसकाका कुठे बसणार? मला उठून बाहेर जावंसं वाटलं होतं. बायको म्हणाली ते त्यांच्या घरी गेले, बाबा आता इथेच जेवणार, आणि पोरीने स्वतःच्या ताटातली पोळी माझ्याकडे सरकवली. तिला सगळं खरं माहीत होतं म्हणून ते इतक्यावर भागलं. आमच्या शेजारच्या एका मुलाला दुबई सांगितलं होतं, त्याला अंगणवाडीत दुसऱ्या पोराने खरं सांगितलं, बाप सुटून आल्यावर तो किती तरी महिने त्याच्याशी बोलला नाही.

जाताना बाळाच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स घे, नंबर सकाळी लवकर लाव आणि दूध बाहेरच पाजून घ्या, बाटली आत नेऊ देतील की नाही हे गेटवर ड्युटीला कोण आहे त्यावर असतं. वहिनीला सांग बाळाला लाल नाहीतर पिवळं झबलं घाल, काच धुरकट असते, पलीकडून फिक्या रंगाचं नीट दिसत नाही.